सहाशेच्या खाली पक्षी दिसत नाही म्हणे!

थंडी पडली, उजनीच्या पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) उतरले, की पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेजही न चुकता उतरतो. मथळा दरवर्षी वेगळा, मजकूर तोच. पक्ष्यांचे फोटो काढायचे तर ६०० मिमी लेन्स लागतेच, ३०० वर घातलेले पैसे पाण्यात (हा आकडा फोकल लेंग्थचा; तो जितका मोठा, तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो). एफ/६.३ ची झूम घेऊ नका, एफ/४ साठी पैसे साठवा (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). तोवर ३०० ला टू-एक्स कन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी, प्रतिमा दुप्पट करणारी जोडलेन्स) लावा, झाली ६००. आधी फुल-फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या, लेन्सचं नंतर बघू. आणि सेकंडहँड लेन्सला हात लावू नका. शेवटी अर्थातच ‘जास्तीत जास्त नवोदितांपर्यंत पोहोचवा’.

तो पोहोचतोही, हीच अडचण आहे. घरात साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली ५५-२५० मिमीची झूम असलेला मुलगा हे वाचतो आणि कॅमेरा कपाटात ठेवून देतो. दुसरा हप्त्यांवर दोन किलोची लेन्स घेतो आणि तिसऱ्या आठवड्यापासून तीही कपाटात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘६०० लागतेच.’

सेन्सरवर पक्षी किती मोठा उमटणार याचं गणित शाळेतलं आहे: पक्ष्याची लांबी गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर. लालबुड्या बुलबुल साधारण २० सेंटिमीटरचा. तो १० मीटरवर बसला असेल आणि तुमच्याकडे ३०० मिमी असेल, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा ६ मिलिमीटरची पडते. साध्या कॅमेऱ्यांतला लहान, म्हणजे एपीएस-सी, सेन्सर सुमारे २३ मिलिमीटर रुंद. म्हणजे चौकटीच्या रुंदीचा पाव भाग बुलबुलाने व्यापला. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रुंदीला ६००० पिक्सेल असतात, त्यातले दीड हजार त्याच्या वाट्याला आले. इन्स्टाग्रामच्या पोस्टची रुंदी १०८० असते. आठ बाय बारा इंची प्रिंटसुद्धा यातून नीट निघते.

आता ६०० घ्या आणि २० मीटरवर उभे राहा. उत्तर पुन्हा ६ मिलिमीटर. म्हणजे निम्मं अंतर कमी करणं आणि दुप्पट लांबीची लेन्स घेणं हे गणितात एकच आहे. फरक एवढाच की पहिलं फुकट आहे.

अंतर कमी करणं म्हणजे पक्ष्याच्या मागे धावणं नव्हे. घरट्यापाशी जाणं तर नव्हेच, आणि मोबाइलवर त्याचीच हाक वाजवून त्याला बोलावणंही नव्हे. पाणवठ्याच्या कडेला, ऊन पाठीशी घेऊन, मळकट कपड्यांत तासभर न हलता बसलं की दयाळ, बुलबुल, शिंपी आपणहून आठ-दहा मीटरवर येतात. गाडीची काच खाली करून आतच बसलेल्या माणसाला खंड्या फारसा मोजत नाही. खाली उतरलात की तारेवरून गेलाच. मेसेज लिहिणाऱ्याने या गोष्टींचा उल्लेखही केलेला नाही, कारण त्या दुकानात मिळत नाहीत.

मोठ्या पक्ष्यांच्या बाबतीत तर ६०० उलट अडचण करते. भिगवणला कुंभारगावच्या होडीतून रोहित बघायला जाता, तेव्हा १३० सेंटिमीटर उंचीचा पक्षी ३० मीटरवर असला तर ३०० मिमीने त्याची प्रतिमा १३ मिलिमीटरची होते. एपीएस-सी सेन्सरची उंचीच साडेपंधरा मिलिमीटर. पक्षी डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत भरला. तिथे ६०० लावली तर मान आणि चोच मिळेल, थवा उडाला तर तो मावणार नाही. नावाड्याला ‘दादा, अजून थोडं पुढे घ्या’ म्हणायची गरज ३०० वाल्यालाही पडत नाही, आणि पडली तरी म्हणू नये. चरणारे पक्षी माना वर करून एका दिशेने चालू लागले की होडी आधीच जास्त जवळ गेलेली असते.

आणखी एक गोष्ट. अंतर म्हणजे मधली हवाही. जेजुरी-सासवडकडच्या माळावर सकाळी साडेनऊ-दहानंतर जमीन तापते आणि हवा थरथरू लागते. ८० मीटरवरचा धाविक पक्षी तेव्हा ६०० नेही तळलेल्या पापडासारखा वेडावाकडा येतो, आणि दहा लाखांची लेन्स लावली तरी तसाच येतो. ‘माझी लेन्स सॉफ्ट आहे’ अशी तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला जाणाऱ्यांनी आधी त्या फोटोची वेळ पाहावी. कितीतरी वेळा दोष दुपारचा निघतो.

हे सगळं म्हणताना ६०० निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. उंच झाडाच्या शेंड्यावरचा तांबट, आकाशातले शिकारी पक्षी, ठाणे खाडीच्या चिखलात लांबवर चरणारे छोटे किनारपक्षी, जिथे तुम्ही पुढे जाऊच शकत नाही, तिथे ५००-६०० चा फायदा खरा आहे. ज्यांचं बहुतेक फिरणं अशाच ठिकाणी आहे त्यांनी ती घ्यावी. ‘लागतेच’ हा शब्द मात्र खोटा आहे.

‘एफ/६.३ घेऊ नका, एफ/४ साठी थांबा.’

थांबा म्हणजे किती? ६०० मिमी एफ/४ ची किंमत आज दहा लाखांच्या वर आहे. त्याचं कारण भागाकारात दिसतं. ६०० भागिले ४ म्हणजे १५० मिलिमीटर, एवढ्या व्यासाची वाट प्रकाशाला द्यावी लागते. ६०० भागिले ६.३ केलं तर ९५. एवढ्या मोठ्या, निर्दोष काचा घडवण्याचे ते पैसे आहेत. बदल्यात मिळतो सव्वा स्टॉपहून थोडा जास्त प्रकाश (एक स्टॉप म्हणजे दुप्पट): एफ/४ वर जिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० पुरेल तिथे एफ/६.३ वर २००० लागेल. आजच्या कॅमेऱ्यांत आणि नॉइज (आयएसओ वाढवल्यावर येणारे रवे) काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २००० म्हणजे रडण्यासारखं काही नाही.

टॅमरॉनने २०१३ च्या अखेरीस १५०-६०० एफ/५-६.३ जाहीर केली, २०१५ मध्ये सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी आणि निकॉनची २००-५०० एफ/५.६ आली, आणि पगारदार माणसाला नवी, ऑटोफोकसवाली लांब लेन्स आवाक्यात वाटू लागली. भिगवणच्या होड्यांत आज जे कॅमेरे दिसतात त्यांच्यापुढे बहुतेक वेळा याच जातीच्या लेन्स असतात. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेही हीच असेल, अशी मला दाट शंका आहे.

शिवाय १० मीटरवरच्या बुलबुलावर ६०० मिमी एफ/६.३ ने जेमतेम सात सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते. एफ/४ वर साडेचार. पक्षी जरा तिरपा बसला तर डोळा स्पष्ट आणि शेपूट धूसर. म्हणून एफ/४ वालेसुद्धा जवळच्या पक्ष्यासाठी लेन्सचं छिद्र थोडं बंद करतात, म्हणजे एफचा आकडा वाढवतात. जिथे एफ/६.३ खरंच कमी पडते ती जागा वेगळी: कर्नाळ्यासारखं दाट जंगल, सिंहगडाच्या दरीतली सूर्य डोंगराआडून वर येण्याआधीची वेळ. तिथे स्वर्गीय नर्तक एका फांदीवर दोन सेकंद बसत नाही आणि १/५०० सेकंदाच्या शटरला आयएसओ ६४०० वर जातं. तेवढ्यासाठी दहा लाख द्यायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी पाऊण तास थांबून ऊन येऊ देईन.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांनी तर हा मुद्दा आणखीच जुना करून टाकला. कॅननने २०२० मध्ये ६०० आणि ८०० मिमीच्या चक्क एफ/११ लेन्स काढल्या. ६०० चं वजन ९३० ग्रॅम. ऑटोफोकस चालतो, फक्त चौकटीच्या मधल्या भागातच चालतो. भर उन्हात उत्तम, झाडाखाली कठीण. पुढच्याच वर्षी आलेली त्यांची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ अवघ्या ६३५ ग्रॅमची आहे आणि लाखाच्या आत येते. कॅननचा मिररलेस असलेल्या नवख्याला मी आज डोळे मिटून हीच सांगतो. ती मीटरभर अंतरावरच्या फुलपाखरालाही चालते, हा वरकड फायदा.

‘टू-एक्स लावा, झाली ६००.’

नाही होत. टू-एक्स दोन स्टॉप प्रकाश खातो, एफ/५.६ ची एफ/११ होते. साध्या डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ च्या पुढे सहसा हात टेकतो, चांगल्या बॉडींत मधला बिंदू एफ/८ पर्यंत जातो. कॅनन-निकॉनचे स्वतःचे कन्व्हर्टर ५५-२५० किंवा साध्या ७०-३०० ला बसतच नाहीत, पुढे आलेली काच मागच्या काचेला अडते. इतर कंपन्यांचे बसतात, पण ३०० वर आधीच मऊ (अस्पष्ट) असलेली प्रतिमा ते फक्त मोठी करून दाखवतात. तेवढं काम कॉम्प्युटरवर क्रॉप करून होतं.

‘आधी फुल-फ्रेम बॉडी घ्या.’

पक्ष्यांसाठी हा सल्ला नेमका उलटा आहे. वर ६ मिलिमीटरचा बुलबुल निघाला. सेन्सर मोठा केला म्हणून तो मोठा होत नाही, ती प्रतिमा लेन्स आणि अंतर मिळून ठरवतात. प्रश्न एवढाच की त्या ६ मिलिमीटरमध्ये पिक्सेल किती. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्याइतकी दाटी फुल-फ्रेमवर हवी असेल तर सुमारे ५४ मेगापिक्सेलची बॉडी लागेल. २४ मेगापिक्सेलची फुल-फ्रेम घेतलीत आणि लेन्स तीच ठेवलीत, तर एपीएस-सीएवढ्या भागात जेमतेम साडेदहा मेगापिक्सेल उरतात. लाखभर रुपये घालून पक्षी लहान झाला. ‘क्रॉपवर (म्हणजे एपीएस-सीवर) ३०० ची ४५० होते’ असं जे म्हणतात तेही शब्दशः खरं नाही, लेन्स ३०० च राहते, फक्त दृश्याची चौकट अरुंद होते. पण व्यवहारात पक्षीवाल्याचा फायदा क्रॉपमध्येच आहे. अंधारात मोठा सेन्सर सरस, हे मान्य.

‘सेकंडहँडला हात लावू नका.’

स्वस्तात चांगली लेन्स मिळवण्याचा सगळ्यात खात्रीचा रस्ता हाच, आणि तोच बंद करायला सांगतात. डीएसएलआरवाले मिररलेसकडे वळल्यामुळे गेल्या काही वर्षांत चांगल्या लेन्स भराभर बाजारात आल्या आहेत. कॅननच्या डीएसएलआरच्या (ईएफ) लेन्स ॲडॅप्टर लावून मिररलेस (आरएफ) बॉडीवर व्यवस्थित चालतात. जुनी ४०० एफ/५.६ एल, १९९३ ची, सव्वा किलोची, तिला स्टॅबिलायझर नाही, पण उडत्या पक्ष्यासाठी १/१००० च्या वर शटर ठेवणाऱ्याला तो कुठे लागतो? पक्ष्याची हालचाल स्टॅबिलायझर थांबवत नाही, फक्त आपल्या हाताची थांबवतो.

मात्र पाहून घ्या. मुंबई, कोकण, गोव्यातली लेन्स असेल तर पहिली शंका बुरशीची. मागचं-पुढचं झाकण काढा, छिद्र पूर्ण उघडा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरपं बघा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, त्यांनी फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर लेन्स परत करा, किंमत कितीही उतरली तरी. पुढच्या कड्यावर पोचा असेल तर ती पडलेली आहे. झूम पूर्ण लांबवून, जवळ-दूर दहा-वीस वेळा फोकस करून बघा. मोटर अडखळली किंवा किरकिरली तर दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीला भिडतो. स्वतःचा कॅमेरा आणि कार्ड घेऊन जा, फोटो घरी मोठ्या पडद्यावर बघा, मग पैसे द्या.

निकॉनवाल्यांसाठी दोन खड्डे. जुन्या एएफ-डी लेन्समध्ये, उदाहरणार्थ पहिली ८०-४००, स्वतःची मोटर नसते. डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीवर, आणि एफटीझेड ॲडॅप्टरने मिररलेस झेड बॉडीवरही, तिचा फोकस हातानेच करावा लागतो. उलट नव्या एएफ-पी लेन्स डी९० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत. ‘एकदम मस्त कंडिशन, स्वस्तात देतोय’ म्हणणारा विकणारा हे बहुधा सांगत नाही.

मेसेजमध्ये एका गोष्टीचं नावच नाही: वजन. सिग्माची कंटेम्पररी १९३० ग्रॅमची, तिचीच स्पोर्ट आवृत्ती २८६० ग्रॅमची, निकॉनची २००-५०० सव्वादोन किलोच्या वर. यात कॅमेरा धरलेला नाही. डोळ्याला लावून घारीच्या मागे वळत राहायचं, तेही हलत्या होडीत, तर अर्ध्या तासात खांदा बोलू लागतो. ट्रायपॉड होडीत चालत नाही. कॅननची ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅमची आहे, वापरलेली पंधरा हजारांच्या आत सहज मिळते, आणि सहा मीटरवर जास्वंदीवर आलेल्या शिंजिरावर हजाराच्या वर पिक्सेल देते. घराच्या बाल्कनीतून, चहा पीत.

तरीही सहाशेचा मोह असेलच, तर पुण्या-मुंबईत अशा लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. शनिवारी सकाळी घ्या, रविवारी संध्याकाळी परत करा, आणि गाडीत न ठेवता दोन्ही दिवस गळ्यात बाळगा. घरी आल्यावर फोटोंची माहिती उघडून बघा, त्यातले किती खरोखर ५०० च्या पुढे काढलेत ते.