गुडघे की ब्रेक?

आमची झेन 1999 सालची. पंधरा वर्षं भरल्यावर 2014 मध्ये आणि मग दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन ती पुन्हा पास होऊन येते. इतक्या वेळा पास व्हायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

गेल्या महिन्यात चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना ब्रेक दाबला, तर पेडल खाली जाईचना. दगडावर पाय ठेवावा तसं. स्टिअरिंगला लटकून जवळजवळ उभाच राहिलो, तेव्हा कुठे गाडी पीएमटीच्या बसमागे वीतभर अंतरावर टेकली. (पीएमपी म्हणायचं असतं, माहितीये.)

"तुझे गुडघे गेलेत," बायको म्हणाली.

मला पटलं. आदल्याच रविवारी सिंहगड उतरताना ते कुरकुरले होते. सोसायटीतल्या मंडळींना मात्र पटलं नाही. एकाने ऑइल बदलायला लावलं, दुसऱ्याने पॅड, तिसऱ्याने लाइनमधली एअर काढायला लावली. एअर असली तर पेडल लिबलिबीत होतं, कडक होत नाही, हे मला तिन्ही बिलं भरल्यावर कळलं.

शेवटी नाना पेठेतल्या एका गल्लीत मेकॅनिकला गुडघ्यांपासून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, इंजिन बंद करा. चार-पाच वेळा ब्रेक मारा. आता दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल जरा खाली गेलं?"

"नाही."

"मग गुडघे चांगलेत तुमचे. बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाहीये."

बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढ्यात, बॉनेटखाली बसवलेला तव्याएवढा काळा डबा. आत रबरी पडदा. पेट्रोलचं इंजिन डब्यातली हवा पाइपातून ओढून घेतं. ब्रेक दाबला की पडद्यामागे बाहेरची हवा शिरते आणि पुढच्या पोकळीकडे पडद्याला रेटते. थोडक्यात, इतकी वर्षं ब्रेक बराचसा हवाच मारत होती. मी नुसता पाय ठेवून सही करत होतो.

त्याने पाइपावरून बोट फिरवलं. क्लिपेजवळ बोट टेकताच 'फुस्स' थांबलं आणि सिग्नलला थरथरणारं इंजिनही एकदम सुतासारखं सरळ झालं. ती थरथर मी वयावर घातली होती. रबर भाजून पापडासारखं झालं होतं, दाबलं की चिरेतून आत काळोख दिसायचा.

नवा पाइप आणायला मी दीड वाजता गेलो, म्हणजे तो चार वाजता मिळाला. सोबत वन-वे व्हॉल्व्हही बदलला. दोन्हींचं मिळून बिल आधीच्या बिलांवरच्या जीएसटीएवढंही नव्हतं.

परतताना अलका चौकात लाल दिवा लागला आणि मी सवयीने उभं राहून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी खिळली. मागच्या सीटवरची कांद्याची पिशवी पुढे येऊन सांडली. मागचा स्कूटरवाला कसाबसा थांबला, हेल्मेटची काच वर करून शेजारी आला.

"काका, नवीन शिकताय?"