बंदिदे, उद्भविसुवुदिल्ल आणि तुमचं पहिलं भाषण

तर साहेब, निवडून आलात, अभिनंदन! कुठल्या पक्षातनं ते विचारत नाही, मराठी मतं घेतल्याशिवाय खानापुरात नाहीतर बेळगाव ग्रामीणमधनं कोण निवडून येतंय म्हणा, खरं ती मतं घेऊन मराठीत बोलायला आत कोण जातंय ते बी सगळ्यांना ठाऊक आहे. 2018 ला महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात न्या म्हणणाऱ्यांचा, एक पण आमदार आला नाही, 2023 ला पण नाही. त्यामुळं मैदान मोकळं आहे. कानामागचा गुलाल तेवढा राहू द्या, फोटोत बरा दिसतोय.

आता डिसेंबर आला की बेळगावजवळ हलग्याच्या माळावर सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटकाच्या इथल्या विधानभवनात, अधिवेशन भरणार आणि तुम्हाला पब्लिकच्या सोयींवर बोलायचंय, रेशन, पेन्शन, दवाखाना, बस, रस्ता. घाबरू नका. ही बिल्डिंग प्रणव मुखर्जींच्या हस्ते 11 ऑक्टोबर 2012 ला खुली झाली, तेव्हापासनं बहुतेक वर्षी दहा-बारा दिवस आत चर्चा होते आणि बाकीचं वर्ष हायवेवरनं जाणाऱ्या पाहुण्यांना लांबनं दाखवायला कामाला येते. 2022 च्या उन्हाळ्यात कुणीतरी सौधासमोर शेवया-पापड वाळत घातले आणि केवढा गदारोळ झाला! माझं मत विचाराल तर त्या जागेचा त्याच्याएवढा लोकोपयोगी वापर आजपर्यंत झालेला नाही.

पहिली गोष्ट भाषेची. घटनेच्या 210 व्या कलमात सोय आहे, ज्या सदस्याला राज्यभाषेत, हिंदीत नाहीतर इंग्रजीत नीट बोलता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायला परवानगी देऊ शकतात. तुम्ही हे कलम वाचलंच नाही असं समजा. मातृभाषेत बोललं की आपण काय बोललो ते गावातल्या लोकांना कळतंय, मग पुढच्या वर्षी ते विचारतात, साहेब त्या रस्त्याचं काय झालं. त्यापेक्षा सरळ "मान्य सभाध्यक्षरे", माननीय अध्यक्ष महोदय, म्हणून सुरू करायचं आणि तासलेल्या सरकारी कन्नडमध्ये बोलत सुटायचं. गावात व्हिडिओ फिरेल, कुणाला शब्द कळणार नाही, खरं हात कसे जोरजोरात हलवले ते सगळ्यांना दिसेल.

आता प्रश्न विचारायचा कसा. इथं जरा सावकाश सांगतो, कारण सगळी कला इथंच आहे. प्रश्नाची अ, आ, इ अशी पोटकलमं असतात आणि पहिलं पोटकलम बहुतेक वेळा एकाच साच्यातलं, अमुक ठिकाणी तमुक अडचण आहे हे "सरकारद गमनक्के बंदिदेये?" म्हणजे सरकारच्या लक्षात आलंय का. उत्तराच्या रकान्यात एक शब्द, "बंदिदे." आलंय. बघा की, किती सुंदर! तक्रार पण झाली, सरकारनं कबूल पण केली, आणि कुणाला जागेवरनं उठावं पण लागलं नाही. पुढचं पोटकलम, लक्षात आलं असेल तर काय केलं? उत्तर, "परिशीलनेयल्लिदे", विचाराधीन आहे. नाहीतर मग अनुदानाच्या उपलब्धतेनुसार बघू. आणि सगळ्यात भारी म्हणजे "उद्भविसुवुदिल्ल", प्रश्नच उद्भवत नाही. पहिल्याला नाही म्हटलं की खालची सगळी पोटकलमं या एका शब्दात आडवी होतात. आमच्याकडं एवढ्या कमी शब्दात फक्त सासूच सुनेला गप्प करू शकते.

तुम्ही नवीन आहात म्हणून वाटेल की हे उत्तर मिळालं म्हणजे आपण हरलो. अजिबात नाही. तुम्ही प्रश्न विचारला हे रेकॉर्डला आलं ना, झालं तर. त्याच्या झेरॉक्स काढा, लेटरहेडला पिन मारा, गावच्या बोर्डवर लावा, "साहेबांनी विधानसभेत आवाज उठवला". रस्ता व्हायला डांबर लागतंय, आवाज उठवायला काय लागतंय.

रस्त्यावरनं आठवलं. खानापूरच्या जंगलभागातल्या वाड्यांचा विषय पाठ करून ठेवा, दरवर्षी चालतो. भीमगड 2011 ला अभयारण्य झालं, आत वाड्या आधीपासनंच होत्या, पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला काठ्यांची डोली करून चिखलातनं खांद्यावर आणावं लागतंय. वनखातं म्हणतं रस्ता नको, लोक म्हणतात मग आम्ही काय करू, कुणी म्हणतं पैसे घ्या आणि बाहेर या. यात आमदारानं काय करायचं? डोलीचा फोटो मोठा करून सभागृहात उंच धरायचा. डोली धरायला चार माणसं लागतात, फोटोला एकच पुरतो.

सरकारच्या गॅरंटी योजनांवर, म्हणजे निवडणुकीत कबूल केलेल्या फुकटच्या सोयींवर, बोलताना तुम्ही कुठल्या बाकावर बसलाय ते आधी बघून घ्या, माणूस इथं घसरतोय. विरोधी बाकावर असाल तर फुकटच्या सवयीनं राज्य बुडालं म्हणायचं, आणि त्याच रविवारी गावात जाऊन घरच्या कर्त्या बाईला महिन्याला मिळणारे गृहलक्ष्मीचे 2,000 अजून जमा का झाले नाहीत म्हणून बायकांच्या पुढं उभं राहून ओरडायचं. सत्तेत असाल तर 11 जून 2023 पासनं शक्ती योजनेत बायका सरकारी बसमधनं फुकट फिरायलेत हे सांगायचं, बसेस किती वाढवल्या हे कुणी विचारलं तर पाणी प्यायचं. ग्लास समोरच असतोय.

आणि एक आकडा तोंडपाठ पाहिजेच, कुठला तालुका किती मागे ते बघणारी सरकारी नंजुंडप्पा समिती, 2002, 175 तालुक्यातले 114 मागास. उत्तर कर्नाटकावर अन्याय म्हटलं की हा आकडा टाकायचा, तेवीस-चोवीस वर्षं झाली तरी ताजाच वाटतोय. अडचण एवढीच की उत्तर कर्नाटकाची चर्चा यायला बरेचदा शेवटचे दिवस उजाडतात, तोवर अर्धे लोक बेंगळूरच्या वाटेला लागलेले. 224 च्या सभागृहात कोरमला, म्हणजे कामकाज चालायला, दहावा हिस्सा लागतो, म्हणजे 23 डोकी, तेवढी असली की चालतंय. रिकाम्या बाकांकडं बघून बोलायची भीती वाटत असेल तर कॅमेऱ्याकडं बघा, रीलमध्ये बाकं दिसत नाहीत. मोबाईल मात्र खिशात ठेवा, फेब्रुवारी 2012 मध्ये सभागृहात मोबाईलवर भलतंच बघितलं म्हणून तीन मंत्र्यांची पदं गेली. तेव्हापासनं लक्ष न देणारे डोळे मिटूनच बसतात, ते सेफ.

सगळेच विषय असे रखडतात असं मात्र समजू नका हं. 21 मार्च 2025 ला बेंगळुरात सभागृहात नुसता दंगा चाललेला, कागद उडायलेत, कुणाचं कुणाला ऐकू येईना, आणि त्यातच आमदारांचा मूळ पगार 40,000 वरनं 80,000 करायचं बिल चर्चेशिवाय पास झालं. कुणी परिशीलनेयल्लिदे म्हटलं नाही, अनुदान आहे का बघतो म्हटलं नाही. संध्या सुरक्षेची म्हाताऱ्या माणसांची पेन्शन महिन्याला 1,200 आहे, ती वाढवायला खरं शांततेत सखोल चर्चा लागते.

पेन्शनवरनं आमच्या मावशीचं सांगतो आणि थांबतो. तिची पेन्शन अचानक बंद पडली. कारण कळायला एका कचेरीत गेली तर साहेब नाहीत, अधिवेशन ड्युटीला गेलेत. दुसऱ्या दिवशी क्लार्क पण नाही, त्याला कुठल्यातरी प्रश्नाच्या उत्तराची माहिती गोळा करून सौधावर पाठवायची होती. तिसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन. रस्त्यात पोलीस, बॅरिकेड, मोर्चे, मंत्र्यांच्या गाड्या. लोकांच्या सेवांवर चर्चा चाललेली असल्यामुळं लोकांच्या सेवा दहा दिवस बंद, हे तिला काही केल्या पटेना. मी म्हटलं मावशी, एवढ्या फेऱ्या कशाला मारायलीस? तर म्हणाली, अरे बसला झिरो तिकीट आहे की, जायला काय जातंय. हे तुम्ही भाषणात घाला साहेब, एक योजना दुसरीला कसा हात देते ते.

सातव्या फेरीला क्लार्क भेटला. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सांगितलं, मावशी, तुम्ही मयत दाखवतंय. मावशी म्हणाली, अरे मी तुझ्यासमोर उभी आहे की. तो म्हणाला, ते खरं आहे, खरं तसा अर्ज द्यावा लागेल, कन्नडमध्ये.

अर्ज मी लिहून दिलाय. मावशी जिवंत आहे हे सरकारद गमनक्के बंदिदेये, असंच विचारलंय.