फर्नांडो एका हंगामाचा होता म्हणे!

बेसबॉलचा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) फर्नांडो व्हॅलेन्झुएलाचं नाव निघालं की एक वाक्य हमखास फिरतं: ‘१९८१चा एक हंगाम गाजवला, मग फलंदाजांनी त्याचा स्क्रूबॉल (उलट्या दिशेनं वळणारा चेंडू) ओळखला आणि गडी संपला.’

गाजवला हे खरंच. मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातलं खेडं, बारा भावंडांतला धाकटा, वय वीस. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा, हंगामाच्या पहिल्या सामन्यासाठी ठरलेला पिचर जखमी झाला म्हणून चेंडू याच्या हाती आला. पहिले आठही सामने त्यानं जिंकले. पाचांत समोरच्यांना एकही धाव मिळाली नाही. त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), दोन्ही मान त्यालाच. असं एकाच वर्षी दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

पण ‘एक’ हंगाम? १९८१ ते १९८६ सलग सहा वर्षं तो ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या संघात होता. १९८६ मध्ये त्यानं २१ सामने जिंकले, २० सामने पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत एकट्यानं ओढले. पाच वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर हे होत नसतं.

आता स्क्रूबॉल. आभाळाकडे डोळे लावायचे, हात आतल्या बाजूला पिळून चेंडू सोडायचा. उजव्या फलंदाजापासून तो दूर पळायचा. येणार हे ठाऊक असूनही लोक बॅट फिरवून चुकत होते. दमला तो खांदा. १९८१च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा तिसरा सामना बघा: समोरच्या न्यूयॉर्क यँकीजनी ९ हिट (फलंदाजाला बेस गाठून देणारे फटके) मारले, त्यानं चुकीचे चेंडू टाकून ७ जणांना फुकट बेस दिले, एका टप्प्यावर डॉजर्स मागेही पडले. तरी व्यवस्थापक लासोर्डांनी त्याला बाहेर काढलं नाही. १४७ चेंडू टाकून त्यानं सामना ५-४ असा जिंकून दिला. आज शंभरीच्या आसपास पिचरला बाहेर बोलावतात! १९८२ ते १९८७ दरवर्षी अडीचशेच्या वर इनिंग टाकल्यावर १९८८ मध्ये खांद्यानं असहकार पुकारला, यात माझ्या मते नवल काहीच नाही.

आणि ‘संपला’ म्हणावं, तर २९ जून १९९० रोजी त्यानं सेंट लुई संघाविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिला नाही. पुढच्याच वसंतात डॉजर्सनी त्याला सोडलं, तरी १९९६ मध्ये, पस्तिशीत, सॅन दिएगो पाद्रेस संघाकडून त्यानं १३ सामने जिंकले. त्यातला एक मेक्सिकोतल्या मॉन्तेरे शहरात, मेजर लीगचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा) मेक्सिकोत झालेला पहिला नियमित सामना.

कारकिर्दीत १७३ विजय आणि १५३ पराभव, बेसबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड नाही. भांडायचंच तर त्यावर भांडा, तिथे मीही थोडा अडखळतो.