पात्रांव, भाग दुसरा

शनिवारी रात्री आम्ही तिघा भागीदारांनी मिळून ‘हॉरिबल बॉसेस २’ पाहिला. सिनेमा २०१४ चा. म्हणजे ही ताजी मासळी नव्हे, सुकं खारं आहे. पण पावसाळ्यात त्याचीच चव लागते.

पहिला भाग २०११ चा. तेव्हा मी गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीत होतो. त्यातला केव्हिन स्पेसी हाताखालच्या माणसाला सकाळी सकाळी दारू ओतून देतो, प्यायला लावतो, महिनोन्महिने बढतीचं गाजर दाखवतो आणि शेवटी ती जागा पगारासकट स्वतःच्याच खिशात घालतो. आमचा साहेब दारू पाजत नसे, एवढाच फरक. त्यामुळे तिघे मित्र एकमेकांच्या बॉसना उडवायचं ठरवतात तेव्हा मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो.

दुसऱ्या भागात हे तिघे नोकरीला कंटाळून स्वतःच पात्रांव, म्हणजे आमच्या गोव्याच्या बोलीत मालक, व्हायला निघतात. ‘शॉवर बडी’ नावाची एक वस्तू बनवतात, अंघोळ करताना शांपूही तोच सोडणारा शॉवर. क्रिस्टोफ वॉल्ट्झ नावाचा बडा मासा एक लाख नगांची ऑर्डर देतो. हे बँकेकडून पाच लाख डॉलर उचलतात, माणसं ठेवतात, माल तयार करतात. आणि तो थंडपणे सांगतो, नको. कर्ज थकलं की कंपनी लिलावात निघेल, मग तोच ती कवडीमोलाने घेईल.

इथे आमच्या खोलीत कोणी हसलं नाही. एक भागीदार एवढंच म्हणाला, “पात्रांव, हें आमचेंच मरे!”

कुंडईला आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या गिऱ्हाइकाने फोनवर ऑर्डर दिली. आम्ही त्यांचं नाव छापून चार हजार खोके तयार ठेवले. मग दुसरा फोन: “डिझाइन बदललंय हो.” छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, पण माल घेतलाच नाही तर ४५ दिवस मोजायचे कुठून? दुसऱ्याचं नाव छापलेला खोका रद्दीवालाही नाक मुरडून घेतो. त्यातल्या काही खोक्यांत माझी आई अजून आमसुलं ठेवते.

म्हणून राग आला. एवढा खरा, एवढा दुखरा धागा हाती लागला होता, आणि पटकथा तो पंधरा-वीस मिनिटांत सोडून पळते ती थेट अपहरणावर. वॉल्ट्झच्या मुलाला पळवायचं. मुलगाच सामील होतो आणि खंडणी पाच लाखांवरून पन्नास लाखांवर नेतो. हा क्रिस पाइन मजा आणतो, नाही असं नाही. पण दोन ऑस्कर घेतलेल्या वॉल्ट्झला मोजके प्रवेश देऊन बसवून ठेवलंय. ऑफिस तर गायबच. पहिल्याने जगभरात २० कोटी डॉलरच्या वर कमावले, दुसऱ्याने त्याच्या निम्म्याच्या आसपास, याचं मला तरी नवल वाटत नाही.

जत्रेतल्या नाटकाचं असंच होतं. एका वर्षी एखादा विनोदी नट भाव खाऊन जातो. पुढच्या वर्षी नाटक ऐतिहासिक असलं तरी गाव म्हणतो, तो हवाच. मग दरबारात कुठूनतरी हुजऱ्या घुसवायचा. इथे स्पेसी तुरुंगात बसून शिव्या घालतो आणि जेनिफर अ‍ॅनिस्टन पुन्हा तसेच चावट विनोद करते, ते याच हिशेबाने. (सिनेमा आई झोपल्यावर लावा. मी सांगितलं नाही म्हणू नका.)

तरी मी हसलो. खूप हसलो. कारण ही तीन माणसं. चार्ली डे घाबरला की त्याचा आवाज शिट्टीसारखा चढतो. जेसन सुडेकिस समोरचा जे म्हणेल त्याला हो. आणि जेसन बेटमनचा चेहरा म्हणजे दहा रुपयांच्या तिकिटाला कोणी पाचशेची नोट काढली की कदंब बसच्या कंडक्टरचा होतो तसा. तिघे एकाच वेळी बोलतात, कोणी कोणाचं ऐकत नाही, आणि गुन्हा राहतो बाजूला. सल्ल्यासाठी पुन्हा त्या जेमी फॉक्सकडेच जातात. पहिल्या भागात त्याने खुनाचा सल्लागार म्हणून पाच हजार डॉलर घेतले होते, आणि तुरुंगात मात्र तो थिएटरमध्ये सिनेमा चोरून रेकॉर्ड केल्याबद्दल गेलेला. हे माहीत असूनही जातात! हा मूर्खपणा मला फार ओळखीचा वाटला. त्या गिऱ्हाइकाने गेल्या दिवाळीत पुन्हा फोन केला, तेव्हा आम्हीही दर काढून पाठवलाच होता.

शेवटच्या नावांबरोबर चुकलेले शॉट्स दाखवतात, ते आम्ही दोनदा मागे नेऊन पाहिले. मग आमच्यातला बेटमन कोण यावर वाद सुरू झाला. दोघांचं म्हणणं, मी चार्ली डे.