पगार आपलाच आहे

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर धाकट्या काकांनी लिहिलं, "२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आता तरी 'पगार' म्हणू नका, तो पोर्तुगीज शब्द आहे. 'वेतन' म्हणा." मी लिस्बनला राहते, म्हणून सगळ्यांनी मलाच विचारलं, खरं का गं?

खरं आहे. सकाळी कॅफेत बिका, म्हणजे इथली छोटी कडक कॉफी, संपली की माणसं पाकीट काढत म्हणतात, "केरिआ पगार." पैसे द्यायचेत. उच्चार जवळजवळ आपलाच, पण इथं ते क्रियापद आहे. महिन्याच्या पगाराला हे लोक 'ऑर्देनादु' म्हणतात.

मुळात लॅटिन 'पाक्स' म्हणजे शांतता. त्यावरून 'पाकारे', शांत करणं. जिंकलेला मुलूख रोमनांनी 'शांत' केला, तो याच क्रियापदानं. पुढे ज्याचं देणं लागतो त्याला शांत करणं, म्हणजे त्याचे पैसे चुकते करणं, हा अर्थ रुळला. स्पॅनिशमध्ये पगार, इटालियनमध्ये पगारे, फ्रेंचमध्ये पेये. रुमानियननं पैसे देण्यासाठी स्लाव्ह शब्द घेतला, पण याच मुळाचा 'इंपका' जपला. त्याचा अर्थ समेट घडवणं. हे वाचलं आणि मला आमचं घर आठवलं. बाबांचा पगार झाला की वाण्याची वही, दूधवाला, घरभाडं सगळं चुकतं व्हायचं आणि आई त्या रात्री शांत झोपायची.

काका, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तिथले पोर्तुगीज गेले. पाव, चावी, बटाटा मात्र आपल्याकडे राहिले. 'बिनपगारी फुल अधिकारी' ही म्हण घ्या. पोर्तुगीज पगार, इंग्रजी फुल, संस्कृत अधिकारी, आणि बोली अस्सल मराठी. पगार हाकललात तर त्याच्या जागी वेतन येणार नाही. पुण्यातली आपली पोरं आत्ताच "सॅलरी क्रेडिट झाली" म्हणतात, आणि सॅलरीसुद्धा लॅटिनच! चिंता करायची तर याची करा.

मागच्या हिवाळ्यात मला ताप आला, तेव्हा शेजारच्या आजी गरम कांझा घेऊन आल्या. कोंबडीच्या रश्शात शिजवलेला पातळ भात. हा शब्द मल्याळी 'कंजी'वरून आलाय. सोप्या कामालाही इथं "हे तर कांझा" म्हणतात. तो शब्द परका आहे, असं इथं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

सरकारी कागदावर वेतन खुशाल असू द्या. आई दर महिन्याला फोनवर विचारते, "पगार झाला का गं?" तिला मी दुसरा शब्द सुचवणार नाही.