फुगलेल्या शिरा चोळून जात नाहीत
पायांवरच्या फुगलेल्या शिरा, म्हणजेच व्हेरिकोज व्हेन्स, हे साठलेले अशुद्ध रक्त असून व्हिनेगर चोळल्याने आणि पाय भिंतीला टेकवून झोपल्याने त्या 21 दिवसांत नाहीशा होतात. शस्त्रक्रिया मात्र टाळावी, कारण शीर काढली की पायाचा रक्तप्रवाह थांबतो आणि शेवटी शिरा परत येतातच, अशा आशयाचा संदेश अनेकांपर्यंत पोचला आहे.

‘अशुद्ध’ या शब्दाचा दोष काही अंशी शाळेतल्या आकृत्यांकडे जातो. नीलेतल्या, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरेतल्या, रक्तात ऑक्सिजन कमी असतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यात काढून टाकण्यासारखी घाण नसते. बिघाड असतो तो झडपांचा. माणूस स्थिर उभा असताना घोट्याजवळच्या नीलेतला दाब सुमारे 90 मिलिमीटर पारा इतका असतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि नीलेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडपेची पाती एकमेकांना भिडेनाशी झाली की रक्त मागे घसरते आणि त्वचेखालची शीर ताणून वेडीवाकडी होते. डॉप्लर सोनोग्राफीत हे डोळ्यांनी दिसते. रुग्णाला उभे करून पोटरी दाबली की पडद्यावर एक रंग वर सरकतो. हात सोडल्यावर निरोगी नीलेत तो तिथेच विझतो, बिघडलेल्या नीलेत दुसरा रंग उलट दिशेने वाहत राहतो. हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला तर तो दोष मानतात.

फुगवटा पोटरीवर असला तरी गळणारी झडप पुष्कळदा जांघेत असते. त्यामुळे पोटरीवर व्हिनेगर चोळून ती दुरुस्त होण्याचा प्रश्नच येत नाही. उलट आधीच खाजऱ्या, पातळ झालेल्या त्वचेला त्याने इजा होऊ शकते. पाय उंच ठेवल्याने सूज आणि जडपणा खरोखर कमी होतो, पण उभे राहिल्यावर शीर पुन्हा भरते. दाब देणाऱ्या पायमोज्यांचेही तसेच: ते घातलेले असेपर्यंत आराम. पायाच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या, अरुंद झालेल्या असतील तर असे घट्ट मोजे धोक्याचे ठरतात, म्हणून ते तपासणीनंतरच घ्यावेत.

रक्तप्रवाह थांबण्याची भीती स्वाभाविक आहे, पण पायाचे सुमारे 90 टक्के रक्त स्नायूंमधल्या खोल नीलांमधून परतते. वरवरच्या ज्या नीलेत रक्त उलटे वाहत होते ती बंद केल्याने पायावरचा भार उलट हलका होतो. हृदयाच्या बायपाससाठी त्वचेखालची अशीच लांब नीला पायातून काढून वापरतात, हेही लक्षात घ्यावे. अपवाद एकच महत्त्वाचा: खोल नीला गुठळीने बंद असतील तर वरची नीला हाच रक्ताचा पर्यायी मार्ग असू शकतो, आणि म्हणून डॉप्लर आधी होते. शिवाय शीर ओढून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया आता पहिला पर्याय राहिलेली नाही. ब्रिटनच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने नीला आतून बंद करणे हा पहिला, फेसाळ औषध टोचणे हा दुसरा आणि शस्त्रक्रिया हा तिसरा क्रम आहे. उष्णतेचा उपचार बहुधा फक्त पाय बधिर करून होतो आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

शिरा परत येतात, हे मात्र खरे आहे. झडपा कमकुवत होण्याची प्रवृत्ती उपचाराने जात नाही, त्यामुळे काही वर्षांनी दुसरी नीला फुगू शकते. पण म्हणून उपचारच नकोत, हे त्यातून निघत नाही. घोट्याजवळच्या न भरणाऱ्या जखमांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 450 रुग्णांच्या चाचणीत, दाब देणाऱ्या पट्ट्यांच्या जोडीला नीला लवकर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम 56 दिवसांत भरली, तर हा उपचार पुढे ढकललेल्यांपैकी निम्म्यांची भरायला 82 दिवस लागले.

केसासारख्या बारीक जाळीदार शिरा बहुतेकदा केवळ दिसण्याचा प्रश्न असतात. त्यांची धास्ती घेऊ नये. घोट्यावरची त्वचा काळवंडणे, कडक होणे किंवा तिथे जखम होणे ही मात्र डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी जावे, कारण ती खोल नीलेतली गुठळी असू शकते. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर खुर्चीवर पाय लोंबकळत बसू नये आणि वर आवळून दोरीही बांधू नये. आडवे व्हावे, पाय हृदयापेक्षा उंच करावा, स्वच्छ कापड जागेवर 10 मिनिटे घट्ट दाबून धरावे आणि रक्त थांबत नसेल तर तातडीची मदत बोलवावी.