भर जुलैत हीटर

माझ्याकडे १९६७ सालची लाल ब्रिटिश टू-सीटर आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, या वयात तिची बदनामी नको. जिथे दोन दिवस नीट ऊन पडलं तरी लोक हरखून जातात अशा देशात ती जन्मली आणि नशिबाने माझ्यासारखीच ॲरिझोनात, फिनिक्सला येऊन पडली. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर चढत होता. नागपूरचा मित्र म्हणतो, "त्यात काय विशेष?" त्याच्याकडे ही गाडी नाही.

धावत असली की बाई शहाण्यासारखी वागते. सिग्नल लागला की बिनसतं. इंजिन गार करणारा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंदावलं की पंखाही पेंगतो, म्हणजे वाऱ्याची खरी गरज असते नेमकं तेव्हाच. डॅशबोर्डवरचा काटा 'एन'कडून 'एच'कडे निघतो. एन म्हणजे नॉर्मल, एच म्हणजे हॉट. आमच्या घरी मात्र एचचा अर्थ 'हं, झालं समाधान?' असा घेतात.

इंजिनचं पाणी गार करणारा रेडिएटर आतून साफ करून घेतला. ८२ अंशांना उघडून गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा नवा थर्मोस्टॅट बसवला. इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तपासलं. काटा केसभर खाली आला आणि खिसा बराच. शेवटी जाणकारांनी रामबाण उपाय सांगितला : हीटर फुल सोड. हीटर म्हणजे इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटरच. इंजिनची उष्णता तेवढीच कमी होते. ती येते आपल्या पायांवर.

अशात सांगलीहून आई आली. बायकोची ड्यूटी होती, गाडीत जागा दोनच, म्हणून आम्ही मायलेकरं उत्तरेकडच्या सेडोना गावाला निघालो. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. आईची पूजा, मग पोहे, असं करत नऊ वाजले. ब्लॅक कॅनियन सिटीच्या पुढे आय-१७ महामार्गाचा दमछाक करणारा चढ लागतो. इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशी पाटी तिथे आहे. एसी नव्हताच. मी हीटर लावला.

"अरे, शेगडी कुठे पेटलीय?" आईने पाय वर घेतले.

"आई, इंजिन गार राहावं म्हणून."

"आणि मी?"

सनसेट पॉइंटच्या विश्रांतीथांब्यावर पोचलो तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. मी हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरच्या टोपीकडे वळलो, तोच आई ओरडली, "हात लावून बघ, नाही तुला बदडलं तर! कुकरचं झाकण वाफ जिरल्याशिवाय उघडतं का कोणी?"

मी तिला समजावलं, की ही सात पाउंड दाबाची टोपी आहे. त्या दाबाखाली पाणी शंभराला न उकळता १११ अंशांच्या आसपास उकळतं.

"म्हणजे कुकरच की. फक्त आमच्यात निदान भात तरी होतो."

पाऊण तासाने पाणी घातलं, चावी फिरवली. इंजिन नुसतंच खोकलं. आता पेट्रोलची नळी तापून आतल्या पेट्रोलचीच वाफ झाली होती. मी परत बॉनेट उघडलं आणि माझ्या खांद्यावरून आईने आत डोकावलं.

"हे माझे चिमटे!"

चार दिवस ती परसात कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे शोधत होती. त्यातले आठ पेट्रोलच्या नळीवर ओळीने बसले होते. हा इथल्या जुन्या गाडीवाल्यांचा पारंपरिक तोडगा. लाकूड उष्णता ओढून घेतं म्हणे.

"लाकूड उष्णता ओढतं, तर तव्याला लाकडी मूठ कशाला लावतात रे?"

मी इंजिनिअर आहे. मला उत्तर सुचलं नाही.

आईने आठही चिमटे काढून पर्समध्ये टाकले, पिशवीतला टॉवेल ओला करून नळीवर गुंडाळला आणि सावलीत बसून उरलेला चिवडा संपवला. वीस मिनिटांनी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी काही बोललो नाही; तीही बोलली नाही, नुसती बघत राहिली, ते जास्त लागलं.

पुढच्या चढावर हीटर फुल होता. आईने पर्समधून दोन चिमटे काढले आणि ओला टॉवेल डॅशबोर्डखाली, बरोबर हीटरच्या तोंडासमोर टांगला. सेडोना यायच्या आत कडकडीत वाळला. मग तिने मागे बघत विचारलं, "अजून काही धुवायचं आहे का?"